खो मिळेपर्यंत

आवाज मी स्वतः ऐकला. ओली काटकी मोडावी तसा, बारीक. २०२३ च्या नोव्हेंबरातली गोष्ट. आमची आक्रमणाची पाळी होती, पुढे पळणारी मुलगी दमली होती आणि मी तिला खांबाकडे रेटत नेलं होतं. डाव्या हातानं खांब धरला, उजवा पाय रोवला आणि अंग फिरवलं. अंग फिरलं, पाय फिरला नाही.

त्या दिवशीचा सामना मॅटवर होता. आम्ही वाळवा तालुक्यातल्या मुली, वर्षभर मातीत खेळणाऱ्या. मातीत पाय चार बोटं घसरतो आणि तेवढ्या घसरण्यात गुडघ्यावरचा पीळ सुटतो. मॅटवर रबरी तळव्याचा बूट जागीच चिकटतो आणि सगळा पीळ गुडघा घेतो. मॅट वाईट नाही, आता मोठा खो-खो मॅटवरच होतो. पण मातीतून मॅटवर जाणाऱ्या मुलींना वळायचं कसं, हे वेगळं शिकवायला हवं. मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

दोन तासांत गुडघा एवढा सुजला की वाटी दिसेना. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावातल्या एका पाय बसवणाऱ्याकडे नेलं. त्यानं तेल लावून चोळलं, पाला बांधला, शीर चढली म्हणाला. तीन आठवडे पाला बांधून घरी बसले. सूज उतरली, मी चालायला लागले, सगळ्यांना वाटलं बरं झालं. मग एका सकाळी आबांना डबा द्यायला रानात निघाले. पाटावरून उडी मारली आणि गुडघा आतल्या आत निसटला. वरचं हाड एकीकडे, खालचं एकीकडे, असं क्षणभर वाटलं. मी चिखलात बसले आणि मला कळून चुकलं की हे शीर चढण्याचं काम नव्हे.

खेळणाऱ्या कुणालाही मी हे तळमळीनं सांगते. वळताना ‘टक्’ असा आवाज आला, काही तासांतच गुडघा टम्म फुगला आणि नंतर तो निसटू लागला, तर चोळू नका. इतक्या झटपट येणारी सूज बहुतेक वेळा सांध्यात रक्त उतरल्याची असते. थेट हाडांच्या डॉक्टरांकडे जा. माझे तीन आठवडे पाल्याखाली गेले.

एमआरआय झाला. एसीएल पूर्ण तुटलेला. एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आत तिरका बसवलेला एक दोर, नडगीचं हाड पुढे सरकू न देणारा आणि गुडघ्याला भलता पीळ बसू न देणारा. सरळ चालायला तो नसला तरी भागतं. थांबणं, वळणं, दिशा बदलणं आलं की भागत नाही. आणि खो-खोत दुसरं असतं काय?

मला वाटलं होतं, डॉक्टर उद्याच ऑपरेशन करतील. ते म्हणाले, “गुडघा पूर्ण सरळ झाल्याशिवाय मी हात लावणार नाही. आखडलेल्या गुडघ्यावर ऑपरेशन केलं, तर नंतरही तो आखडलेलाच राहायची भीती असते.” त्यांनी सांगलीच्या एका फिजिओ मॅडमकडे पाठवलं. ऑपरेशनच्या आधी चार आठवडे व्यायाम, ही कल्पनाच घरी कुणाच्या पचनी पडेना. आई म्हणाली, “मोडलेल्या पायाला व्यायाम कसला गं?”

मॅडमनी पहिल्या भेटीत दुखरा पाय थोडा वेळच पाहिला. चांगल्या पायाचंच मोजमाप किती तरी वेळ चाललं होतं. डाव्या पायावर उभं राहून लांब उडी मारायला लावली, त्याच पायावर टेकायला लावलं आणि फरशीवर खडूनं खूण केली. तीन उड्यांतली सगळ्यात चांगली १५० सेंटीमीटर. वहीत लिहून तारीख घातली. “याचा उपयोग तुला वर्षभरानं कळेल,” म्हणाल्या. मी तो आकडा विसरूनही गेले.

२९ जानेवारी २०२४ ला कोल्हापुरात ऑपरेशन झालं. पैशासाठी आबांनी सोसायटीचं कर्ज उचललं, उसाचं बिल यायचं होतं. माझ्याच मांडीच्या मागचा स्नायूबंध काढून त्याचा नवा दोर केला आणि तो हाडात बोगदे पाडून बसवला.

तिसऱ्या दिवशीची सकाळ मी विसरणार नाही. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवलेली आणि काम एवढंच, की मांडी आवळून गुडघ्यानं टॉवेल दाबायचा. मी दाबला, म्हणजे दाबायचं मनात आणलं. मांडी हललीच नाही. पाय माझा, मांडी माझी, पण निरोप पोचेना. मी दात आवळले, मूठ आवळली, पोट आवळलं, फक्त मांडी आवळली नाही. दोन वर्षं राज्य स्पर्धेत पळालेली ती मांडी पिठाच्या गोळ्यासारखी पडून होती. मला रडू कोसळलं. फोनवर मॅडम म्हणाल्या, “मांडी मेलेली नाही. गुडघ्यात सूज असली की मेंदूच त्या स्नायूला गप्प बसवतो. एक हात डाव्या मांडीवर ठेव, ती आवळ, ती कशी आवळते ते नीट हाताला कळू दे. मग तेच उजवीला सांग.” दिवसभर तेच केलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी, वाटीच्या जरा वर, आतल्या बाजूला, कातडीखाली मासोळी वळावी तसं काही तरी हललं. मी आईला हाक मारली. आई हात पुसत आली, वाकून बघत राहिली. दहा वेळा दाबून दाखवलं. त्यातल्या सहा वेळा हललं.

पहिले दोन महिने अंशांचे होते. गुडघा सरळ शून्यावर आला पाहिजे, हा मॅडमचा हट्ट. वाकण्याचं पुढे बघू, आधी सरळ. दोन आठवड्यांत वाकणं ९० वर आलं, सहा आठवड्यांत १२० वर. आठवड्यातून तीनदा एसटीनं सांगली. महिलांना अर्धं तिकीट २०२३ मध्येच लागू झालेलं, तो मोठा आधार वाटला, कारण हे येणं-जाणं वर्षभर चालणार होतं.

तिसरा महिना सगळ्यात फसवा. दुखत नव्हतं, सूज नव्हती, जिना सहज चढत होते. मी मॅडमना न सांगता मैदानावर गेले आणि हळूहळू पळून पाहिलं. काहीच झालं नाही. हे त्यांना सांगितल्यावर त्या पहिल्यांदा चिडल्या. म्हणाल्या, “तुमच्या रानात आंब्याचं कलम बांधतात ना? बांधल्यावर ते हिरवं दिसतं म्हणून कुणी ओढून बघतं का?” मग समजावलं. बसवलेल्या दोराला सुरुवातीला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. नव्या रक्तवाहिन्या त्यात शिरतात, जुनी वीण विरते, नवी घातली जाते. या घडामोडीत साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तो दोर सगळ्यात कच्चा असतो. आणि नेमकं तेव्हाच पेशंटला सगळ्यात बरं वाटत असतं.

माझ्या संघातली एक ताई होती. तिचाही एसीएल झालेला. पाचव्या महिन्यात तिला कुणी तरी निवड चाचणीला उभं केलं, ती उतरली, पहिल्याच हुलकावणीला गुडघा गेला. दुसरं ऑपरेशन तिनं केलंच नाही. आता तिचं लग्न झालंय आणि ती मैदानाकडे फिरकत नाही. तिच्याबद्दल लोक “नशीब” म्हणतात. मला तो शब्द ऐकवत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मॅडमनी मला वाचून दाखवला होता. नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितकं लांबवाल, तितकं दर महिन्यागणिक पुन्हा दुखापतीचं प्रमाण जवळपास निम्म्यानं घटतं. गुडघ्याच्या तयारीच्या चाचण्या पार न करता परतलेल्यांपैकी ३८ टक्के गुडघे पुन्हा दुखावले, चाचण्या पार करून परतलेल्यांत ते प्रमाण सहा टक्क्यांच्याही आत. ताईला हे आकडे कुणी सांगितले नव्हते. तिची कसली चूक?

चौथा आणि पाचवा महिना वजनं उचलण्यात गेला. त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. बैठका, एका पायाच्या बैठका, पायरी चढणं-उतरणं. पुढे गुडघ्यावर बसून, घोटे कुणी तरी धरून ठेवायचे आणि अंग पुढे हळूहळू सोडायचं, तो मागच्या स्नायूचा व्यायाम. घोटे धरायला धाकटा भाऊ. रोज तेच. शिस्त लागते, बाकी काही नाही.

खरी गंमत सहाव्या महिन्यात सुरू झाली. मॅडमकडे जे व्यायामाचे तक्ते होते ते फुटबॉलचे, बास्केटबॉलचे. त्यात पळणं होतं, उडी होती, दिशा बदलणं होतं. पण बसणं नव्हतं. आमचा तर अर्धा खेळ बसण्यात आहे. चौकोनात एक पाय पुढे, एक मागे, दोन्ही हात जमिनीवर, चवडे रोवलेले, गुडघे पूर्ण मिटलेले, नजर समोर आणि कान मागे. पाठीवर हात पडून “खो” ऐकू आला की त्याच मिटलेल्या गुडघ्यातून सुटायचं. पहिलं पाऊल पडेपर्यंत दिशा ठरलेली पाहिजे, कारण एकदा एका खांबाकडे निघालात की मागे वळता येत नाही. हे मी मॅडमना तोंडी सांगत होते, त्यांना नीट समजेना. मग एका रविवारी त्या स्वतःच एसटीनं आमच्या मैदानावर आल्या.

सरांनी त्यांना खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत. वही घेऊन रेषेबाहेर उकिडव्या बसल्या आणि मी बसायची त्या चौकोनातल्या मुलीकडे बघत राहिल्या. नऊ मिनिटांच्या पाळीत ती १७ वेळा उठली. दर वेळी कोणता पाय मागे होता, किती पावलं पळाली, किती वेळा खांबाला वळली, सगळं टिपलं. मग मुलींची पाळी संपल्यावर म्हणाल्या, “मला बसवा.” साडीचा पदर खोचून त्या चौकोनात बसल्या आणि एका मुलीनं त्यांना खो दिला. त्या उठल्या, दोन पावलं गेल्या आणि मांडीवर हात ठेवून थांबल्या. “अगं, हे तर शेवटच्या पंधरा अंशांतून उठणं आहे! तुझे ते पंधरा अंश अजून आलेलेच नाहीत.”

तिथून माझे व्यायाम बदलले. आधी टाच ढुंगणाला टेकेपर्यंत गुडघा मिटवणं. मग मिटलेल्या गुडघ्यात नुसतं बसून राहणं, दहा सेकंद, वीस, मिनिट. मग हाताचा आधार घेऊन उठणं, मग आधाराशिवाय, मग पाठीवर थाप पडल्यावर, आणि शेवटी थाप कधी पडणार हे माहीत नसताना. सुरुवातीला एका वेळी चारदा, हळूहळू १७ वेळा. दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातच वाटीच्या मध्यावरून टेपनं घेर मोजायचा. एक सेंटीमीटरनं वाढला असेल तर त्या दिवशी उठाबशी बंद. माझ्या उशाशी आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप कायमची राहायला आली.

याच दिवसांत, ऑगस्टच्या सहा तारखेला, पॅरिसमध्ये विनेश फोगाटनं एका दिवसात तीन कुस्त्या जिंकल्या. पहिलीच टोकियोची विजेती युई सुसाकीशी. विनेशच्या गुडघ्याचं ऑपरेशन मुंबईत २०२३ च्या ऑगस्टमध्ये झालेलं, म्हणजे बरोबर वर्षापूर्वी, आणि दोरही तोच, एसीएल. घरातले सगळे तिच्या हातांकडे बघत होते, मी तिच्या पायांकडे. दुसऱ्या दिवशी वजनाचं जे झालं त्यानं देश हळहळला, मीही रडले. पण गुडघ्यापुरतं मला हवं ते उत्तर आदल्या दिवशीच मिळालं होतं.

ऑक्टोबरअखेर नऊ महिने भरले. पुढच्याच आठवड्यात जिल्हा संघाची निवड. घरी सगळ्यांच्या तोंडी एकच विषय. राज्य आणि मग राष्ट्रीय स्पर्धा, आणि राष्ट्रीय पदक म्हणजे सरकारी नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणाचं दार. आबा काही बोलले नाहीत, पण कर्जाचा हप्ता मला माहीत होता. सर म्हणाले, “पोरी, नुसती नावाला ये. निवड मी बघतो.”

चाचणीत उजव्या पायाची उडी १२८ पडली, डाव्याची १४०. मी तिथंच भागाकार केला. ९१ टक्के! पास व्हायला ९० लागतात. मी उड्या मारायच्या बेतात होते. मॅडमनी जुनी वही काढली, डिसेंबरातल्या पानावर बोट ठेवलं. १५०.

“तुझा डावा पायही या वर्षात कमजोर झालाय,” त्या म्हणाल्या. “कमजोर पायाशी बरोबरी करून पास व्हायचंय तुला? दीडशेच्या ९० टक्के म्हणजे १३५. तू १२८ वर आहेस.”

मी खूप बोलले त्यांना. तुम्हाला कर्ज नाही, तुमचं वय सरत नाही, असं काहीबाही. त्यांनी ऐकून घेतलं. मग एक कागद दिला, बारा प्रश्नांचा. खेळताना गुडघ्याची भीती वाटते का, गुडघा टिकेल अशी खात्री आहे का, अशा धाटणीचे प्रश्न, आणि प्रत्येकाला शून्य ते शंभर गुण स्वतःच द्यायचे. मनाची तयारी मोजायचं ते साधन आहे, जगभर वापरतात. मी रागाच्या भरात भरला, पण खोटं भरता आलं नाही. सरासरी ४४. खांबाच्या प्रश्नाशी मी अडले. म्हणजे कागदावर खांब नव्हताच, पण प्रत्येक प्रश्न वाचताना मला खांबच दिसत होता. नऊ महिन्यांत मी सगळं केलं होतं, खांबाला डावा हात लावून वळले नव्हते. उजव्या हातानं वळायचे. डावीकडून आले तर पाय आपोआप आखूड पडायचे आणि मी खांबाच्या अलीकडेच खो देऊन टाकायचे. हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मला मात्र माहीत होतं.

मी निवडीला गेले नाही. आबांना सांगितलं तेव्हा ते बैलांना वैरण टाकत होते. “बाईंनी वहीत लिहिलंय ना? मग झालं,” एवढंच म्हणाले. सर आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पुढचे सहा आठवडे खांबाचे. पहिल्या दिवशी खांबाला डावा हात लावून नुसतं चालत फिरायचं. वीस फेऱ्या. दुसऱ्या आठवड्यात जोरात चालत. मग हळू पळत, मातीत. पाय एकदम रोवून अंग फेकायचं नाही, तीन छोटी पावलं टाकत वळायचं, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत. मॅडम मोबाइलवर चित्रण मागवायच्या आणि दर वेळी एकच प्रश्न, “गुडघा आत पडतोय का?” पडत होता. नितंबाच्या बाजूचा स्नायू दमला की पडायचा. म्हणून वळणं दमल्यावर करायची, आधी १७ उठणी, मग खांब. सगळ्यात शेवटी मॅट. त्या दिवशी भाऊ सोबत होता. मी बूट बांधले, सोडले, परत बांधले. तो काही बोलला नाही, खांबापाशी जाऊन उभा राहिला.

डिसेंबरच्या मध्यावर उजवी उडी १३९ झाली. कागदावरचे गुण ७८. मॅडमनी वही मिटली आणि पेढा दिला, त्यांनी आधीच आणून ठेवला होता.

जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. १९ जानेवारी २०२५ ला प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० नं हरवलं. आमच्या वाड्यात दूरदर्शनपुढे तीस-चाळीस जण. मी पहिल्यांदा सगळा सामना डोळे न मिटता पाहिला. आधी कुणी खांबाला वळलं की माझे डोळे आपोआप मिटायचे.

माझा सामना फेब्रुवारीत होता, गावाच्या यात्रेतला, मातीतला. ऑपरेशनला साडेबारा महिने झाले होते. मॅडमच्या अटी ठरलेल्या: आक्रमणाची एकच पाळी, संरक्षणाला शेवटच्या तुकडीत. एसीएल झालेल्या खेळाडूंपैकी पुन्हा स्पर्धेत उतरणारे जेमतेम निम्म्याहून थोडे जास्त असतात, हे मला माहीत होतं. पण चौकोनात बसल्यावर आकडे कुठले आठवायला! माती गार होती. चवडा रोवला, हात टेकले, मागे पावलं वाजत होती. पाठीवर थाप पडली. मी उठले.

समोरची मुलगी डाव्या खांबाकडे निघाली होती. डाव्याच हाताला खांब येणार होता. तीन छोटी पावलं, हात खांबावर, आणि वळून पलीकडे तिच्या खांद्याला माझी बोटं लागली. पंचांची शिट्टी वाजली तेव्हा मी अजून पळतच होते.

रात्री मॅडमना कळवलं: दोन गडी, एक मिनिट चाळीस सेकंद संरक्षण, आमचा संघ हरला. त्यांचं उत्तर लगेच आलं. “छान. सकाळी टेप लाव.”

सकाळी लावली. उजवा ३५.५, डावा ३५.५.